चाल बघणारी मुलं

८ जानेवारी

दादा,

गेल्या वर्षभरात तुला दोनच पत्रं टाकली, तीही चार-चार ओळींची. आज हे जाडजूड पाकीट बघून तुला वाटेल, ठमीचं काहीतरी बिनसलंय. काही बिनसलेलं नाही. पण काल जे बघितलं ते सांगायला तुझ्याशिवाय कुणी सुचेना. कचेरीत सांगितलं तर म्हणतील, बाईंना ऊन लागलं. तू निदान त्या दवाखान्यात लोकांना नवे पाय करून देतोस, गुडघा ही काय चीज आहे ते तुला कळतं.

तपासणीसाठी एका खेड्यातल्या शाळेत गेले होते. एकतीस मुलं, तीन खोल्या, दोन शिक्षक. सकाळी नेहमीचे विषय आणि दुपारी दोरीवरच्या बाहुल्या. त्या गावाची ती जुनी कला, आता शाळेतच शिकवतात. मी मनात म्हटलं, चला, राजा-राणी नाचवतील, आपण टाळ्या वाजवू आणि चारच्या बसने परत.

मुख्याध्यापकांनी मला मागच्या लांबट खोलीत नेलं. एका बाजूला उंच खिडक्या, समोरच्या भिंतीवर खुंट्यांच्या तीन रांगा आणि प्रत्येक खुंटीला एक बाहुली टांगलेली, साधारण हातभर लांब. राजा नाही, राणी नाही, राक्षस नाही. चेहरे तर जवळजवळ कोरेच, नाकाचा उंचवटा तेवढा. मी विचारलं, "हे सगळे कोण?"

"हे आमचं गाव आहे, बाई," मुख्याध्यापक म्हणाले.

दादा, ते खरंच गाव होतं. चौथीत आलेलं प्रत्येक मूल गावातला एक माणूस निवडतं आणि वर्षभर त्याची चाल बघतं. फक्त चाल. दुसऱ्या वर्षी त्याची बाहुली करतं, तिसऱ्या वर्षी तिला चालवायला शिकतं. शिकवणारी एक सत्तरीच्या पुढची बाई आहे, चणीने एवढीशी. मुलं तिला दोरीआजी म्हणतात, त्यामुळे मुख्याध्यापकही दोरीआजीच म्हणतात.

पहिल्या वर्षाची पोरं अंगणात कट्ट्यावर बसली होती. रस्त्याने सुतार गेला. तो दिसेनासा झाल्यावर दोरीआजीने विचारलं, "काय दिसलं?"

एक पोरगी म्हणाली, "उजवा पाय टेकायच्या आधी जरासा थांबतो."

"का थांबतो?"

"माहीत नाही."

"मग उद्या परत बघ." झाला धडा! मी वीस वर्षं वर्ग तपासतेय, पण शिक्षकाला "माहीत नाही" हे उत्तर एवढं आवडलेलं कधी बघितलं नव्हतं.

मग आत भिंगरी आली. हे तिचं टोपणनाव, वय अकरा, एका जागी ठरत नाही म्हणून. पण खुंटीवरची बाहुली हातात घेतल्याबरोबर ती अशी स्तब्ध झाली की मलाच श्वास आवरावासा वाटला. बाहुली होती गावच्या शिंप्याची. तो गेला त्याला दीड वर्ष झालं. भिंगरीने त्याला फरशीवर टेकवलं आणि तो चालू लागला. मी नाचू लागला म्हणत नाही, चालू लागला. मान जराशी पुढे, दिवसभर शिवणयंत्रावर वाकलेल्या माणसाची. चार पावलं, मग थांबणं, मनगटाने चष्मा वर सरकवणं (बोटांत सुई असणार म्हणून मनगटाने), मग पुन्हा चार पावलं. मी त्या माणसाला कधी पाहिलेलं नाही, पण तो बूट घालत असणार आणि त्यातला एक त्याला चावत असणार, हे मी शपथेवर सांगते.

दारात एक बाई कधी येऊन उभी राहिली कळलंच नाही. कमरेवर धुतलेल्या कपड्यांची टोपली. ती म्हणाली, "हळू गं. शेवटी शेवटी त्याचा गुडघा दुखायचा."

भिंगरीने दोरी किंचित सैल केली. शिंपी हळू झाला. बाई थोडा वेळ बघत राहिली आणि "हां, आता बरोबर," म्हणून टोपली सावरत निघून गेली. ती त्याची बायको. आठवड्यातून एकदा येते.

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. कधी उठले, माहीत नाही.

निघताना दोरीआजीला विचारलं, लाकूड असं कसं चालतं? ती म्हणाली, "पाय चालत नाही, बाई. कंबर चालते. पाय मागनं येतो."

हे खरं आहे का रे?

तुझी,
ठमी

१९ जानेवारी

ठमे,

पत्र पोचलं. माझे दोन्ही हात प्लॅस्टरमध्ये कोपरापर्यंत बुडाले होते, म्हणून एका रुग्णाकडून वाचून घेतलं. हा पोस्टमन आहे. अपघातात उजवा पाय मांडीपासून गेला. म्हणाला, सव्वीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, उघडून एकही वाचलं नाही, द्या इकडे. मोठ्या आवाजात वाचलं. आमची सगळी कार्यशाळा ऐकत होती.

काही गोष्टी तू सांगितल्याच नाहीस. बाहुलीचा गुडघा कशाचा? खिळ्याचा की चामड्याचा? टाच मागून सुटते तेव्हा गुडघा आधी वाकतो की कंबर आधी पुढे जाते? पाय टेकताना गुडघा लचकतो की ताठ राहतो? नीट बघून कळव. "शपथेवर सांगते" वगैरे नको.

बाकी तुझं कौतुक वाचलं. गेलेल्या माणसाला खुंटीला टांगून ठेवून काय मिळतं, मला समजत नाही. पोरांनी गणित शिकावं. तपासणीला गेली होतीस, तर तपासणी कर. शाळा बंद करण्याच्या लायकीची असेल तर खुशाल बंद कर, त्यात रडण्यासारखं काय आहे?

इकडे काम फार आहे. त्या पोस्टमनचा गुडघा चौथ्यांदा बदलतोय, तरी चार पावलांत आडवा होतो.

दादा

२४ जानेवारी

दादा,

माझं पत्र परक्या माणसाकडून आणि तेही मोठ्याने! कमाल आहे तुझी.

गुडघा खिळ्याचा की चामड्याचा, ते मी बघितलं नाही. एक बाई आपल्या नवऱ्याला चालताना बघत होती, मी तिला बघत होते. तुला चेष्टाच करायची होती तर सरळ करायची, असे प्रश्नांचे चिमटे कशाला?

आणि शाळा बंद करण्याचं तू सहज लिहिलंस म्हणून आता सांगूनच टाकते. पहिल्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. मी तिथे बघायला गेलेच नव्हते. अहवाल आधीच लिहून माझ्या पिशवीत होता. पटसंख्या कमी, दुपारचा वेळ अवांतर गोष्टींत जातो, सबब शाळा मोठ्या गावच्या शाळेत विलीन करावी. तारीख तेवढी घालायची बाकी होती. साहेबांना तसाच हवा होता आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. तू लिहिलेलं वाक्य आणि माझ्या अहवालातलं शेवटचं वाक्य जवळजवळ सारखं आहे. म्हणून ते जास्त लागलं.

मोठ्या गावात ही मुलं गेली तर दुपार संपेल, दोरीआजी घरी बसेल आणि ती खोली कुलूपबंद होईल. अहवाल अजून पिशवीतच आहे. रोज कचेरीत नेते, रोज परत आणते. फाडायचा धीर होत नाही आणि द्यायचाही होत नाही.

तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

ठमी

२ मार्च

ठमे,

महिनाभर लिहिलं नाही, कारण काय लिहायचं ते आधी बघून यायचं होतं. मी तुझ्या शाळेत जाऊन आलो.

चेष्टा वगैरे काही नव्हती, बाई. मला खरंच गुडघा कळून घ्यायचा होता. तू पाच वर्षांची होतीस तेव्हाही अशीच फुगायचीस. तुझं दुसरं पत्र पोस्टमनला वाचायला दिलं नाही, पण पहिलं त्याच्या डोक्यातून जाईना. चौथा गुडघा लावला, तो पडला, आणि जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाला, "मिस्त्री, मला त्या आजीकडे न्या." मी म्हटलं, ती बाहुल्यांची शाळा आहे. तर म्हणतो, "मग मी तरी दुसरं काय आहे?"

डॉक्टरांनी गाडी दिली. तुझं नाव मी तिथे सांगितलं नाही, तपासणीवाल्या बाईंचा भाऊ म्हटलं तर पोरं बिथरतील.

आधी गुडघ्याचं सांगतो. चामड्याचा आहे, मांडी आणि पोटरी यांच्यामध्ये दोन बोटं रुंद पट्टी, त्यावर कसलंही नियंत्रण नाही. आम्ही गुडघ्यात काय काय घालतो, स्प्रिंग, कळ, अडसर. इथे काहीच नाही. कंबर पुढे गेली की पाय आपोआप खालून येतो. म्हातारी खरं बोलली. मी अर्धा तास जमिनीवर पालथा पडून तो गुडघा बघत होतो. पोरं हसत होती, हसू दिलं.

मग दोरीआजीने पोस्टमनला अंगणात चालायला सांगितलं. मुलं कट्ट्यावर ओळीने बसली. काठी एका हातात, मी मागे. एक, दोन, तीन, चार, आणि हा उजवीकडे कलंडला. मी धरला म्हणून वाचला. ठमे, एकही मूल हसलं नाही. मघाशी मला हसणारी हीच पोरं, पण आता डोळे एवढे मोठे करून बघत होती, जसं आपण चालत्या घड्याळाचं मागचं झाकण उघडून बघतो.

"काय दिसलं?" म्हातारीने विचारलं.

एक म्हणाला, ते पायाकडे बघतात. दुसरी म्हणाली, ते नवा पाय उचलतात, सोडत नाहीत. बरोबर होतं, पण हे मीही त्याला शंभरदा सांगितलंय. भिंगरी अजून बघतच होती. ती उठली, पोस्टमनच्या भोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "काका, तुमच्या खांद्यावरचं काय काढून घेतलं?"

पोस्टमनला आधी कळलंच नाही. मलाही नाही. तिने त्याच्या डाव्या खांद्याला बोट लावलं. "इथे काहीतरी जड होतं. ते आहे असं समजून तुम्ही अजून उजवीकडे झुकता. पण ते नाहीये. म्हणून पडता."

त्या गड्याने डाव्या खांद्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "पिशवी."

सव्वीस वर्षं टपालाची पिशवी डाव्या खांद्यावर. तोल सांभाळायला अंग उजवीकडे. पिशवी गेली, पण अंगाला कुणी कळवलंच नव्हतं. आणि उजवीकडे नेमका नवा पाय. मी चार वेळा गुडघा बदलला, खांद्याकडे एकदाही बघितलं नाही. अठ्ठावीस वर्षं हेच काम करतोय मी.

भिंगरीने कुणाचं तरी दप्तर आणलं. मुलांनी आपापली पुस्तकं त्यात कोंबली, हाताने तोलून बघितलं, आणखी दोन कोंबली. दप्तर त्याच्या डाव्या खांद्यावर अडकवलं. दोरीआजी म्हणाली, "पायाकडे बघू नका. फाटकाकडे बघा."

तो निघाला. मी हात पुढे करून मागे होतो. पाचवं पाऊल पडलं. सहावं. मी मोजायचं थांबलो, पोरं मोजत होती, पण ओठांतल्या ओठांत. अंगण ओलांडून फाटकापर्यंत तेवीस पावलं. फाटकाशी पोचल्यावर त्याने गजांवर हात ठेवला, मान वर केली आणि खणखणीत आवाजात ओरडला, "टपाल!"

सवयीने ओरडला. स्वतःच दचकला. मग फाटकाला धरून असा रडला की काय सांगू.

मी पायांच्या कामात जन्म घालवला. अकरा वर्षांच्या पोरीपुढे मला शाळकरी झाल्यासारखं वाटलं. वाईट वाटलं नाही. फार वर्षांनी काहीतरी आपल्यापेक्षा मोठं बघितल्यासारखं वाटलं.

तो पिशवीतला अहवाल फाड. धीर होत नसेल तर इकडे पाठव, मी फाडतो.

दादा

२६ मार्च

दादा,

फाडला. मीच फाडला, तुझं पत्र वाचून संपायच्या आत.

नवा लिहायला तीन दिवस लागले. पोस्टमनची हकीकत जशीच्या तशी घातली, शिंप्याची घातली, "काय दिसलं?" हा प्रश्नसुद्धा घातला. साहेबांनी तो शेरा मारून परत पाठवला: "चाल बघणे हा विषय नमुन्यातील कोणत्या रकान्यात बसतो?" मी तोंडी सांगितलं, बसत नाही. म्हणाले, मग मी सही कशावर करू? दहा दिवस कागद तसाच पडून होता. मी मनातल्या मनात तुझ्या शाळेचा निरोप घेतला होता. (बघ, आता मीही तुझी शाळा म्हणायला लागले.)

मग तुमच्या डॉक्टरांचं पत्र आलं. दवाखान्यात नवे लागणारे मिस्त्री दरवर्षी दोन आठवडे या शाळेत शिकायला पाठवायचे आहेत, परवानगी मिळावी. साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता स्वतः जाऊन आले. तिथे काय झालं ते सांगत नाहीत. परत आल्यावर आमच्या लांब व्हरांड्यात दोनदा इकडून तिकडे चालताना मी त्यांना पाहिलं, खाली मान घालून स्वतःचीच पावलं बघत. मग आत येऊन सही केली. शाळा दोन वर्षं आहे तिथेच. त्यानंतर पुन्हा तपासणी होईल. दोन वर्षं थोडी आहेत, पण त्यात चौथी-पाचवीची पोरं आपापली माणसं पूर्ण करतील.

आता तुझा हिशेब. मुख्याध्यापकांना ही बातमी कळवायला गेले तर ते सहज म्हणाले, "तुमचे बंधू दर शनिवारी येतात, फार बरं वाटतं." दर शनिवारी! मला एका अक्षराने सांगितलं नाहीस. तिथे काय करतोस? आणि नाव सांगितलं नव्हतंस ना, मग त्यांना कळलं कसं? मी विचारलं तर म्हणाले, "बाई, भिंगरी पहिल्याच दिवशी म्हणाली होती. तुम्ही दोघं वळताना आधी हनुवटी वळवता."

ठमी

१४ एप्रिल

ठमे,

सांगितलं नाही कारण लाज वाटत होती. मी तिथे पहिल्या वर्षाच्या पोरांबरोबर कट्ट्यावर बसतो. माझ्या डाव्या बाजूला नऊ वर्षांची एक पोरगी असते, उजवीकडे दहाचा. दोरीआजी मला त्यांच्यासारखंच विचारते आणि माझी उत्तरं बहुतेक वेळा चुकतात. "मिस्त्री पायच बघतात," असं पोरं म्हणतात. सुधारतोय. पोस्टमन आता पिशवीत एक-एक पुस्तक कमी करत चालतोय, परवा तीनच उरली होती. बढाई मारत सगळ्या वॉर्डात हिंडतो.

पण लिहायला बसलो ते गेल्या शनिवारचं.

भिंगरीचा शिंपी पूर्ण झाला, तेव्हा तिला दुसरा माणूस घ्यायची मुभा मिळाली, तीही वर्षभर न थांबता. तिने कुणाला घेतलं, ते मला ठाऊक नव्हतं. शनिवारी तिने मला मागच्या खोलीत बोलावलं. हातात अर्धवट बाहुली, अजून नाकही काढलेलं नव्हतं. तिने ती फरशीवर टेकवली आणि चालवली.

तीन पावलांत मी ओळखलं. गेली कित्येक वर्षं मी काचेच्या दारात, खिडकीत ओझरता बघितलेला माणूस. खांदे पडलेले, पाठीला पोक, चाल घाईची. मी एवढा म्हातारा दिसतो हे कुणी सांगितलं नव्हतं. मी रोज पंधरा माणसांना चालायला लावतो, पण स्वतःला असं समोरून येताना बघितलं नव्हतं. दोऱ्या कुठे आहेत हे मी खरंच विसरलो.

आणि मग मला डावा हात दिसला. उजवा हात चालीबरोबर मागे-पुढे होत होता. डावा होत नव्हता. तो अंगापासून जरा लांब, खाली, तसाच धरलेला होता.

मी म्हटलं, "हा हात चुकलाय."

"नाही चुकला," ती म्हणाली. "मी सहा शनिवार बघितलाय. तुमच्या डाव्या बाजूला कोण असतं?"

"कुणी नाही. रुग्ण असतात. त्यांना आधार द्यायची सवय."

तिने मान हलवली. "मोठ्या माणसाला आधार देताना हात इथे येतो," म्हणून तिने स्वतःच्या कोपराजवळ हात धरून दाखवला, अगदी बरोबर, आम्ही नव्या मिस्त्रींना शिकवतो तसाच. "तुमचा खूप खाली आहे." मग तिने दारातून पहिलीतल्या सगळ्यांत छोट्या पोरीला आत बोलावलं आणि माझ्या डाव्या बाजूला उभं केलं. त्या पोरीने काही न सांगता माझं बोट धरलं. हात वरही घ्यावा लागला नाही, खालीही नाही.

"एवढं कुणीतरी," भिंगरी म्हणाली.

आई गेली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस आणि मी पंधराचा. दोन वर्षं रोज सकाळी मी तुला शाळेत सोडत होतो. तुला आठवत असेल की नाही कोण जाणे. तू माझं बोट अख्ख्या मुठीत धरायचीस आणि रस्ता ओलांडून झाला तरी सोडायची नाहीस, अगदी वर्गाच्या उंबऱ्यापर्यंत. मला मित्रांसमोर लाज वाटायची, मी हात झटकायला बघायचो, तू आणखी घट्ट धरायचीस. मग तू मोठी झालीस, शिकायला गेलीस, साहेबीण झालीस. मला वाटलं, संपलं ते. चाळीस वर्षं तो हात तिथेच आहे, ठमे, आणि मला पत्ताच नाही.

भिंगरी उत्तराची वाट बघत उभी होती. मी सांगितलं, "माझी धाकटी बहीण."

तिने बाहुलीकडे बघून थोडा विचार केला. "मग पावलं चुकली," ती म्हणाली. "लहान मूल बरोबर असलं की मोठी माणसं पावलं आखूड टाकतात. तुम्हीही टाकता, पण मला वाटलं दमला असाल, म्हणून बाहुलीत घेतली नाहीत." आणि तिथेच जमिनीवर बसून तिने दोन्ही पायांच्या दोऱ्या सोडल्या आणि पुन्हा बांधायला घेतल्या.

दादा